आठवा फलक

मित्रांनो, जुने झाड, जुनी छत्री, शाळेतला जुना फळा अशा पुष्कळांनी तुम्हांला आपापले आयुष्य ऐकवले असेल. त्यांच्या रांगेत उभे राहायला मला जरा संकोच वाटतो. मी आहे करवंदाएवढा एक लाल खडा. पण जुनेपणाचेच म्हणाल, तर मी जन्मलो तेव्हा माणूस नावाचा प्राणी अजून व्हायचा होता. मोगोक या रत्नांच्या मुलुखातल्या डोंगरात, पांढऱ्या संगमरवराच्या पोटात, कढत अंधारात मी कणाकणाने वाढलो. मला कुणी साच्यात घातले नाही, कुणी पट्टी लावून मोजले नाही. तरी मला आठ फलक आले, चार वर आणि चार खाली. प्रत्येक फलक त्रिकोणी, आणि प्रत्येकाचा जोडीदार नेमका त्याच्या पाठीमागे, समोरासमोरच्या दोन भिंतींसारखा समांतर. एखादा फलक मोठा झाला, एखादा खुरटला, कारण शेजारच्या दगडाने जागा दिली नाही. उतार मात्र सगळ्यांचा एकच. एवढे लक्षात ठेवा. पुढे याच एका गोष्टीवर माणसांचे जीव टांगले गेले.

तुमच्या पुस्तकांत अशा स्फटिकाला पूर्णफलकी म्हणतात. सममितीने जेवढे फलक मागितले तेवढे सगळे ज्याने दिले, एकही चुकवला नाही, तो पूर्णफलकी. मोगोकची माणसे पुस्तकातला शब्द वापरत नाहीत. डोंगरातल्या देवतांना ती नॅट म्हणतात आणि आमच्यासारख्या खड्याला नॅट-त्वे, म्हणजे नॅटांनी घासलेला. इतके नेटके काम माणसाच्या हातून व्हायचे नाही, तेव्हा ते नॅटांनीच केले असणार, असा त्यांचा हिशेब. शब्द देखणा आहे. पण त्याच्या पोटात एक अट आहे: अशा खड्याला माणसाचे चाक लागलेले नसावे. लोकांचे कसे होते, शब्द तोंडात राहतो आणि अट गळून पडते. आठ बाजू दिसल्या की झाला नॅट-त्वे. पुढे पुढे तर सोयरीक जमवतानासुद्धा बायका म्हणायच्या, "मुलगा बघाल तर अगदी नॅट-त्वे!" आणि मुलगा निघायचा दारुडा.

असो. पावसाने आणि ओढ्यांनी माझ्याभोवतीचा संगमरवर हळूहळू खाऊन टाकला आणि मी खोल जमिनीत, रत्नांच्या वाळूत येऊन पडलो. इथे तिला ब्योन म्हणतात. तिच्यापर्यंत पोहोचायला माणसे चौकोनी विहिरीसारखी खाण खणतात, भिंती आत येऊ नयेत म्हणून लाकडी खांब आणि त्यांच्यामागे नेच्याचे भारे ठोकतात. खाणीच्या तोंडावर एक आडवी तुळई, तुळईला लोखंडी कप्पी, कप्पीवरून टोपली खाली-वर. वर आलेले ब्योन धुऊन मालकाची माणसे त्यातले खडे वेचतात आणि उरलेली वाळू खाली ओढ्यात लोटून देतात. ओढ्यात बायका बसलेल्या असतात. टाकलेल्या वाळूत बाईला जे सापडेल ते तिचे, मालकाने कितीही डोळे वटारले तरी. हा इथला रिवाज.

मालकाच्या माणसांच्या नजरेतून मी निसटलो आणि दॉ प्वा शिनच्या चाळणीत पडलो. दॉ म्हणजे थोरल्या बाईला मानाने लावायचा शब्द, जसा थोरल्या पुरुषाला ऊ आणि तरण्याला को. पण ती स्वतः फार मान वगैरे ठेवून घेणारी नव्हती. ओढ्यात वाकून वाकून तिची पाठ कमानीसारखी झाली होती, आणि पाण्यावरचे ऊन वर्षानुवर्षे डोळ्यांत जाऊन डोळ्यांवर साय धरली होती. इथल्या बायकांचे दोन्ही हात कामात असतात, म्हणून सापडलेला खडा त्या गालात ठेवतात. तिनेही मला सवयीने गालात ढकलले. मग तिची जीभ माझ्याभोवती फिरली, थांबली, परत फिरली.

"काय गं, काय लागलं?" शेजारणीने विचारले.

दॉ प्वा शिनने मला घाईघाईने तळहातावर काढले. "अगं बाई, आठ आहेत! नॅट-त्वे आहे!" आणि ओल्या हातांनी आपल्याच गालांत मारून घेतले. "चुकले, चुकले. देवांचा खडा, आणि मी चिंचेच्या बुटकासारखा चघळला."

"मग? चव कशी आहे देवांची?"

"खरखरीत. अगदी बारीक. मांजरानं हात चाटला की लागतं ना, तसं."

ती बरोबर बोलली होती. माझ्या आठही फलकांवर इवल्या इवल्या त्रिकोणांची नक्षी आहे, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी. ती माझ्या वाढीची खूण.

ज्या खाणीच्या वाळूतून नॅट-त्वे निघतो, तिथला पहिला खडा विकायचा नसतो. तो तांब्याच्या तारेत बांधून त्याच खाणीच्या तोंडाशी टांगतात. बाहेरच्या पक्क्या जमिनीत एक बांबू रोवतात आणि खडा त्याला असा लटकवतात, की कप्पीची कड त्याच्यापासून जेमतेम दोन बोटे लांब राहावी. खड्याचा टवका उडाला, की डोंगराने दिलेला शब्द परत घेतला असे समजायचे, सगळ्यांनी वर यायचे आणि ती खाण सोडून द्यायची. नॅट रागावले की खड्यावर टिचकी मारतात, असे लोक सांगतात. पण मित्रांनो, मी तिथे लटकलो आहे आणि मला ठाऊक आहे. जमीन खचली की खांब कलतो, खांब कलला की तुळई झुकते, तुळई झुकली की कप्पी खड्यावर आदळते. ज्या कुणी हा रिवाज घालून दिला, ते माणूस शहाणे होते. मागच्यांनी रिवाज तेवढा ठेवला.

बायकांनी खाणीच्या तोंडाशी जायचे नसते. पण ज्या बाईला खडा सापडला तिला एक मान असतो. दर पौर्णिमेला सकाळी खडा खाली ओढ्यावर आणतात, ती त्याला शिकेकाईच्या पाण्याने धुते, लाखेच्या काळ्या झाकणावर ठेवते आणि वरच्या फलकावर पाण्याचा एक थेंब सोडते. खालचा फलक झाकणावर टेकलेला, वरचा त्याला समांतर, म्हणून थेंब हलत नाही. प्रार्थना संपेपर्यंत तो तिथेच चमकत राहतो. मग माणसे खाणीत उतरतात.

एरवीच्या दिवशी रोज सकाळी पुढचा खणणारा माझ्यापुढे येई. मागचे विचारत, "आठ?" तो मला तारेत फिरवून बघे आणि ओरडे, "आठ!" मग एकेक जण मान खाली घालून हात जोडी आणि खाली जाई. हा पुढचा खणणारा म्हणजे को फो लोन, दॉ प्वा शिनचा जावई. छाती भरलेला, हसरा गडी. "आठ!" असे ओरडण्यात त्याला एवढा आनंद वाटे, की जणू आठही फलक त्यानेच पाडले आहेत. ते माझे मानाचे दिवस होते. कुणी माझ्यापुढे भात ठेवी, कुणी चहाच्या पानांचे लोणचे. एक कावळा ते नियमाने खाई.

पावसाळा सरत आला तेव्हा नेच्याच्या भाऱ्यांतून गढूळ पाणी झिरपू लागले. मी हलत नव्हतो, माझा बांबू पक्का होता. पण कप्पी माझ्याकडे येत होती. रोज थोडीशी. वारा पडलेला असतानाही खालून लाकूड कण्हल्याचा आवाज येई, आणि खणणारे तेवढ्यापुरते कान देऊन पुन्हा कामाला लागत. दोन बोटांचे अंतर एका बोटावर आले. माझ्याकडे मान वर करून कुणी पाहत नव्हते. नमस्कार करताना माणसाचे डोळे खाली असतात.

पहिला थर कधीच सरला होता; एका संध्याकाळी खाली पुन्हा ब्योन लागले. सगळे आरडाओरडा करत, एकमेकांना मिठ्या मारत घरी गेले. त्यानंतर खाण रिकामी असताना तुळई एकदम झुकली आणि कप्पी माझ्यावर आपटली. माझ्या कडेचा टवका उडाला.

मालक ऊ तुन म्याट शेवटची फेरी मारायला आला, तेव्हा मी तारेत गरगरत होतो. त्याने मला हातात धरले आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो वाईट माणूस नव्हता. बायकोच्या बांगड्यासुद्धा त्या खाणीत गेल्या होत्या.

"आजच?" तो मला म्हणाला. "सगळा पावसाळा नुसता चिखल उपसला, तेव्हा गप्प बसलास. आज ब्योन लागलं, आणि आजच फुटायचं सुचलं तुला?"

त्याने मला लुंगीच्या खोचणीत दडवले आणि थेट गाठला ऊ बो सान, गावातला खडे घासणारा. तो पायाने चाक फिरवत बसला होता, तोंडात विझलेला चिरूट.

"त्यात काय एवढं," ऊ बो सान मला उजेडात धरून म्हणाला. "टवक्याला लागून असलेली ही एक बाजू थोडी खाली उतरवली, की टवका गेला. आठ होत्या, आठच राहतील."

"उतार चुकणार नाही ना?"

"डोळ्यानं धरतो. माझ्या डोळ्याला कळत नाही, ते तुझ्या खणणाऱ्यांना कुठून कळणार?" त्याने चाकावर पाणी शिंपडले. "पण तुन म्याट, टवका मी घालवीन. तुळई मी सरळ केली, असं नाही होत त्यानं."

"तुळईला मी पाचरी ठोकतो. तू चाक फिरव."

माझ्या अंगाला माणसाचे चाक लागले ते तेव्हा. डोंगराने जे एवढ्या सावकाशीने लिहिले होते, ते पाणी उकळायच्या आत पुसले गेले. आठवा फलक आरशासारखा गुळगुळीत झाला. त्रिकोणांची नक्षी गेली. आणि उतार चुकला. केसभरच, पण चुकला. आता तो फलक आपल्या पाठीमागच्या जोडीदाराशी समांतर राहिला नव्हता. एक फलक बिनसला की बाकीच्या सातांचेही पूर्णपण जाते, मित्रांनो. सममितीत पाऊण उत्तीर्ण असे काही नसते.

सकाळी मी पुन्हा जागेवर होतो. मालकाने तुळईला पाचरी ठोकल्या होत्या, आणि माझी तार हळूच मागे सरकवली होती. आता कप्पी माझ्यापासून चांगली वीतभर लांब होती. डोंगराला टिचकी मारायची असती, तरी त्याचा हात पोहोचला नसता.

"आठ?" मागच्यांनी विचारले.

"आठ!" को फो लोन ओरडला, आणि सगळे खाली उतरले.

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. रोज तेच. "आठ?" "आठ!" मी खरे तर काहीच खोटे बोलत नव्हतो. ते मोजत होते तेवढे बरोबरच होते. खाली पाचरी चिरकत होत्या, खांबांमागची माती भाऱ्यांतून भुसभुस गळत होती, आणि वर माणसे लुकलुकत्या ब्योनच्या टोपल्या पाहून गाणी म्हणत होती. रोज टोपल्या वर येताना मी माणसेही मोजायचो. रोज संध्याकाळी ती पुरी भरायची, आणि तरी माझी भीती कमी होत नसे.

मग पौर्णिमा आली. दिव्यांच्या सणाची पौर्णिमा, घरोघरी कंदील टांगलेले. मला खाली ओढ्यावर नेले. खणणारे काठावर उकिडवे बसले होते. दॉ प्वा शिनने मला धुतले, झाकणावर ठेवले, थेंब सोडला. थेंब घसरला.

तिने पुन्हा सोडला. पुन्हा घसरला आणि झाकणावरून ओघळून गेला.

"तुमचा हात कापतोय, दॉ," ऊ तुन म्याट चटकन म्हणाला. "वय झालं. राहू द्या तो थेंब, नॅट समजून घेतील."

"हात आजचा कापतोय होय?" ती म्हणाली. "वर्षभर कापणाऱ्या हातानंच थेंब ठेवला की मी." तिने मला कुशीवर वळवले, दुसऱ्या फलकावर बसवले. तिथे थेंब टिकला. परत पहिल्या जागी ठेवले. घसरला. ती मला डोळ्यांजवळ नेऊन बघू लागली, पण सायीपलीकडे तिला फक्त लाल डाग दिसत असणार. बोटांनी चाचपले. वाळूने बोटांचे घट्टे झाले होते, त्यांना काय कळणार?

मग तिने मला तोंडात टाकले.

काठावर एकच गलका झाला. "अहो, काय करताय!" "खडा उष्टा केला!" शेजारीणसुद्धा "अगं, अगं" करत उठली. दॉ प्वा शिन डोळे मिटून बसली होती. तिची जीभ माझ्यावरून फिरत होती: खरखरीत, खरखरीत, खरखरीत, आणि मग काचेसारखे निसरडे. तिथे ती थांबली. परत गेली, परत आली. तिने मला गालात सारले आणि डोळे उघडले.

"याला चाक लागलंय," ती म्हणाली. "हा नॅट-त्वे नाही. फुटला होता, आणि कुणीतरी घासून परत टांगलाय. उतरू नका."

ऊ तुन म्याट हसला, पण ओठ कोरडे पडले होते. "जिभेनं कळलं? काय आहे, सकाळी मोहिंग्याचं कालवण तिखट झालंय तुमचं. आठ आहेत की नाही, एवढं सांगा."

"आठ आहेत."

"मग? आठ म्हणजे नॅट-त्वे. पोराटोरांनाही ठाऊक आहे."

"पोराटोरांना मोजता येतं," ती म्हणाली.

को फो लोन पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "अमे," तो सासूला आईच म्हणत असे, "चार लोकांत शोभा करू नका. ब्योन लागलंय. दोन-तीन दिवसांचं काम उरलंय, मग खाण आपणच सोडणार आहोत. द्या तो खडा."

"तू उतरणार?"

"रोज उतरतोय. काही झालंय का?"

"तरी उतरणार?"

"अमे, थुंका तो खडा!"

तिने त्याच्याकडे पाहिले. सायीतून जेवढे दिसले तेवढे. मग तिने ओंजळभर ओढ्याचे पाणी घेतले, मान मागे टाकली, आणि मला गिळून टाकले.

काठावरून कुणीतरी म्हणाले, "आता काय, म्हातारीच्या पोटाला नमस्कार करून उतरायचं?"

"'आठ' कोण बघून येणार आत?"

"एरंडेल पाजा तिला!" ऊ तुन म्याट ओरडत होता. "अरे, एरंडेल आणा कुणीतरी!"

एरंडेल आले. ती ते शांतपणे, नाक मुरडून प्यायली. पण पोटाला घाई करता येत नाही, आणि तोंडाशी खडा टांगलेला नसताना खाणीत उतरायची एकाचीही छाती नव्हती. माणसे काठावर चहा पीत, तिला टोमणे मारत बसली. को फो लोन तिच्याशी बोलेना. दगडावर दगड आपटत पाठ करून बसला होता.

मी आत अंधारात होतो, म्हणून पुढचे पाहिले नाही, ऐकले. ऊन कलले होते. आधी पाचर सुटल्याचा टणत्कार झाला, मग लाकडे एकामागून एक मोडल्याचा आवाज. मोठा गडगडाट वगैरे नाही. डोंगराने फक्त एक घोट घेतला. जिथे चौकोनी तोंड होते, तिथे ओली माती मिटून गेली. कप्पी, तुळई, टोपल्या, भाताची वाटी, सगळे आत. माणूस एकही नाही.

मित्रांनो, तुम्हांला वाटेल आता तिला लोकांनी खांद्यावर घेतले असेल. लोक हळूहळू तिच्यापासून लांब सरकले. "तिनं देवांचा खडा गिळला, म्हणून डोंगरानं खाण गिळली," असे कुणीतरी पुटपुटले, आणि रात्रीचे कंदील लागेपर्यंत गावभर तेच झाले. ऊ तुन म्याटने ते खोडून काढले नाही. ऊ बो सानही चिरूट चघळत बसला. दॉ प्वा शिनला त्या ओढ्यावर पुन्हा कुणी बसू दिले नाही.

मी दोन दिवसांनी उजेडात आलो. कसा, ते विचारू नका, आत्मकथेलाही काही मर्यादा असतात. तिने मला धुऊन विड्याच्या डब्यात ठेवले. एका दुपारी को फो लोनने तो डबा उघडला. मला झाकणावर ठेवून त्याने बोटाने थेंब सोडला. घसरला. पुन्हा सोडला. पुष्कळ वेळ तो तसाच सोडत बसला, झाकणाभोवती पाण्याचे तळे होईपर्यंत. मग तो सासूच्या पायांशी जाऊन बसला. "अमे," एवढेच म्हणाला. तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "हो हो. भात गरम आहे, जेव आधी."

तेव्हापासून तो खणायला जात नाही. पाण्याची बाटली घेऊन खाणीखाणीवर फिरतो आणि म्हणतो, तुमच्या खड्यावर एक थेंब टाकू द्या. कारण ऊ बो सानच्या धंद्याला बरकत आली आहे. टवका दुरुस्त करण्यापुरते ते आता राहिले नाही. कुठलाही लाल दगड घ्या, चाकावर आठ फलक पाडा, नॅट-त्वे तयार. खाणी वाढल्या, नव्या मालकांना थांबायला वेळ नाही. खडे चकचकीत असतात, मोजून आठ असतात, आणि कप्पीपासून सुरक्षित अंतरावर टांगलेले असतात. त्यांचा टवका कधीच उडत नाही.

परवा पलीकडच्या डोंगरावर एक खाण बसली. सकाळची पाळी खाली होती. आदल्या दिवशीच को फो लोन तिथे गेला होता. थेंब टाकू द्या म्हणाला, तर "पनवती म्हातारीचा जावई" म्हणून त्याला हाकलून दिले. वर बांबूला खडा तसाच लटकलेला सापडला, म्हणतात. अगदी पूर्ण. कुठेही ओरखडा नाही. आणि सगळे शपथेवर सांगतात, त्या सकाळीही कुणीतरी त्याला तारेत फिरवून पाहिले होते आणि "आठ!" म्हणून ओरडले होते.

मित्रांनो, मी डब्यात पडून आहे, सात फलक खरे आणि एक खोटा. मला जपा असे मी म्हणणार नाही, माझे जपायचे राहून गेले. पण "पूर्ण" हा शब्द तुमच्या हातात कुणी ठेवला, तर तो नुसता मोजून घेऊ नका. सपाट जागी ठेवा आणि थेंबभर पाणी टाकून बघा. इथे रोज पहाटे गावातून चाकांची घरघर ऐकू येते. कालपेक्षा आज एक चाक जास्त आहे.